परदेशात रेडिओ स्टुडिओ बघायची संधी मिळाली, तर तिथे नेमकं काय बघायचं?

अमळनेरची एक मुलगी बर्मिंगहॅमला माध्यमांच्या अभ्यासक्रमात एम.ए. करते आहे. तिच्या विभागाने तिथल्या बीबीसीच्या रेडिओ स्टुडिओला भेट ठरवली आहे, जेमतेम दोन तासांची. तिचं विचारणं थोडक्यात असं: एवढी मोठी यंत्रणा मी कधी पाहिलेली नाही, तर काय बघू, काय विचारू, काय लिहून घेऊ? वर्गात आपल्याकडची मी एकटीच. इंग्रजी सावकाश बोलते म्हणून प्रश्न विचारायला बिचकते. पुढे परत येऊन खान्देशात अहिराणीत कार्यक्रम करायचा मनात आहे, त्याला या भेटीचा काही उपयोग होईल का? फोटो काढलेले चालतात का? आणि तिथे पुढे कामाची ओळख कशी निघेल?

ताई, मी खान्देशात रेडिओवरच आयुष्य काढलं. आधी उद्घोषक होते, नंतर कार्यक्रम निर्मितीत आले. कॉलेजच्या मुलामुलींना स्टुडिओ दाखवायचं कामही बऱ्याचदा माझ्याकडेच यायचं, त्यामुळे बघणारे काय बघतात आणि काय बघायचं राहून जातं, हे मला दोन्ही बाजूंनी ठाऊक आहे. वयाने मोठी म्हणून ‘तू’ म्हणते.

तू ‘काय बघू’ असं विचारलंस, पण तुझी खरी अडचण निराळी आहे असं मला वाटतं. तिथलं सगळंच बघण्यासारखं असणार. दोन तास डोळे दिपतील, तू बाहेर येशील आणि त्यातलं अमळनेरला आणता येण्यासारखं काहीच हाताला लागलेलं नसेल, ही खरी भीती आहे. कारण पाहुणे यंत्रं बघतात. कन्सोलवर, म्हणजे आवाज मिसळायच्या टेबलावर, बटणं किती, माइक केवढ्याचा, पडदे किती. यंत्रं दहा वर्षांत बदलतात, आणि त्या किमतीची आपल्याला परवडतही नाहीत. म्हणून माझा सल्ला एकच आहे: चूक हवेत जाण्याआधी तिथे कुठे आणि कशी अडवली जाते, ते बघ.

प्रसारणात तोंडून गेलेला शब्द परत घेता येत नाही. छापलेल्या पानावर शुद्धिपत्र लावता येतं. रेडिओवर दिलगिरी व्यक्त करता येते, पण ऐकणारा तोवर उठून कामाला गेलेला असतो. म्हणून स्टुडिओतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट, दोन दरवाजे, लाल दिवा, मधली काच, भिंतीवरचं घड्याळ, दुसरी खुर्ची, कुठल्या ना कुठल्या चुकीमुळे तिथे आलेली असते. तू प्रत्येक वस्तूपाशी मनात एकच प्रश्न धर: हे नसतं तर काय बिघडलं असतं? हा प्रश्न तुझ्या सावकाश इंग्रजीतही सहज विचारता येईल. आणि काम करणाऱ्या माणसाला तो आवडतो, कारण त्याच्याकडे उत्तरादाखल सांगायला खरे प्रसंग असतात.

आता काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. दाखवणारा माणूस जनसंपर्क विभागाचा असेल तर तो इमारतीचा इतिहास सांगेल. तंत्र सांभाळणारा असेल तर खरं काम कळेल. थेट प्रसारण चालू असलेल्या कक्षात तुम्हाला काचेबाहेरूनच बघावं लागेल, उलट रिकाम्या स्टुडिओत आत जाता येईल पण काम दिसणार नाही. गट पाच-सहा जणांचा असेल तर बोलणं होतं, पंचवीस जणांचा असेल तर होत नाही. तेव्हा इथे लिहिलेलं सगळं एका भेटीत जमेल असं नाही. जे समोर येईल त्याला हा प्रश्न लाव, एवढंच.

जाण्याआधीची तयारी मात्र तुझ्या हातात आहे. ज्या केंद्राला भेट आहे त्याचा सकाळचा एक तास आठवडाभर रोज ऐक, कागद आणि घड्याळ घेऊन. कोणती गोष्ट किती वाजून किती मिनिटं किती सेकंदांनी सुरू झाली, ते लिहीत जा. तीन-चार दिवसांत त्या तासाचा साचा तुला दिसायला लागेल: बातम्या कुठे, हवामान कुठे, गप्पा किती वेळ, संगीताची पट्टी कुठे वाजते. हा साचा डोक्यात घेऊन गेलीस तर काचेपलीकडचे हात काय करताहेत ते समजेल. नाहीतर कुणीतरी बटणं दाबतंय, एवढंच दिसेल.

आत शिरताना पहिली गोष्ट लागेल ती दोन दरवाज्यांमधली छोटी जागा. आपल्याकडे तिला साउंड लॉक म्हणतात. पहिला दरवाजा बंद झाल्याशिवाय दुसरा उघडायचा नाही, म्हणजे बाहेरचा आवाज आत शिरत नाही. तिथे क्षणभर थांब आणि कान दे. दुसरा दरवाजा मिटला की कानावर किंचित दडपण आल्यासारखं वाटेल. मग एक वाक्य बोलून बघ. तुझाच आवाज तुला जवळचा आणि कोरडा वाटेल, कारण भिंतींवरून तो परत येत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घे, कारण घरगुती स्टुडिओ करणारी बहुतेक मंडळी हिथेच फसतात. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम, आणि आतला आवाज आत घुमू न देणं हे दुसरं. दोन्हींचे उपाय निराळे. पहिल्यासाठी वजन लागतं आणि फटी बंद लागतात: जाड भिंत, जड दरवाजा, चौकटीला रबराची पट्टी. जिथून हवा जाते तिथून आवाज जातो. दुसऱ्यासाठी मऊ, सच्छिद्र आणि जाड वस्तू लागते. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून बाहेरचा ट्रॅक्टर थांबत नाही. नुसतं पातळ कापड लावलं तर स, श, च असे बारीक आवाज शोषले जातात आणि जाड आवाज तसाच घुमत राहतो, म्हणून बोलणं बोदं ऐकू येतं. शंभर हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. तिला बोटभर जाडीच्या कापडाचं काय? तिथल्या भिंतींवरचे आवाज शोषणारे फलक किती जाड आहेत, ते भिंतीला चिकटून आहेत की मागे पोकळी सोडली आहे, कोपऱ्यांत काय भरलंय, हे विचार. समोरासमोरच्या भिंती अगदी समांतर आहेत का, काच थोडी तिरकी बसवली आहे का, तेही बघ.

आणि हे बघताना आपली घरं आठव. धाब्याच्या जुन्या घराच्या दोन-दोन फुटी मातीच्या भिंती बाहेरचा आवाज अडवायला फार चांगल्या. तसली एक खोली मिळाली तर पहिलं काम अर्धं झालं. दुसऱ्या कामाला खान्देशात कापसाची वाण नाही: जुन्या गाद्या कोपऱ्यांत उभ्या केल्या आणि भिंतीपासून चार बोटं अंतर सोडून गोधड्या टांगल्या की बोलण्यापुरती खोली तयार होते. फक्त कापूस पेट घेतो, म्हणून वायरी आणि दिवे त्याच्यापासून लांब ठेवायचे.

वातानुकूलन कसं केलंय ते विचारायला विसरू नकोस. स्टुडिओत गार हवा येते पण तिची घरघर ऐकू येत नाही, कारण हवेचे मार्ग रुंद ठेवून हवा हळू सोडलेली असते, आणि यंत्र लांब कुठेतरी वेगळ्या पायावर बसवलेलं असतं. बर्मिंगहॅमच्या थंडीत तुला त्याचं महत्त्व वाटणार नाही. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या आसपास पारा असताना, पंखा आणि कूलर बंद करून बोलायला बसलीस की कळेल. आपल्याकडे त्यावर उपाय वेळेचाच: खोली आधी गार करून घ्यायची, पंखा बंद करून दहा-दहा मिनिटांचे तुकडे रेकॉर्ड करायचे, आणि शक्यतो पहाटे बसायचं, शेजारचे पंप आणि रस्ता सुरू होण्याआधी. लॅपटॉप बॅटरीवर चालवायचा, म्हणजे विजेची गुणगुण माइकमध्ये येत नाही.

बर्मिंगहॅममध्ये नाटकाचा स्टुडिओ बघायला मिळाला तर तिथे जास्तीत जास्त वेळ काढ. याचं कारण थेट तुझ्या कामाचं आहे. ‘द आर्चर्स’ ही शेतकरी कुटुंबाची रेडिओ मालिका १ जानेवारी १९५१ पासून बीबीसीवर देशभर चालू आहे आणि तिचं रेकॉर्डिंग बर्मिंगहॅमलाच होतं. महायुद्धानंतर तिथे अन्नधान्याची टंचाई होती, उत्पादन वाढवायचं होतं. शेतीची नवी माहिती शेतकऱ्यांच्या कानावर जावी, पण व्याख्यान वाटू नये, म्हणून गोष्टीत गुंफून ती सांगायची ही मूळ कल्पना. सुरुवातीची बरीच वर्षं त्यात कृषी मंत्रालयाचा सल्ला असायचा. केळीवरचा करपा, कापसावरची बोंडअळी, ठिबकच्या नळ्या हे विषय गप्पांतून मांडायचा प्रयत्न आपल्या रेडिओवरही वर्षानुवर्षं झाला. मी स्वतः तसे संवाद लिहिले आहेत आणि एक गोष्ट खात्रीने सांगते: माहिती किती घातली यापेक्षा बोलणारी दोन माणसं खरी वाटतात का, यावर ते ऐकलं जातं की नाही हे ठरतं. तेव्हा तिथे विचार: शेतीतली माहिती बरोबर आहे हे कोण तपासतं, आणि लेखकाला ती कधी मिळते, लिहिण्याआधी की नंतर?

नाटकाच्या स्टुडिओत वेगवेगळ्या खोल्या का असतात तेही समजून घे. स्वयंपाकघरातलं बोलणं थोडं घुमतं, दिवाणखान्यातलं कमी, आणि उघड्या शेतातलं बिलकूल घुमत नाही, कारण आवाज परतवायला भिंतच नसते. म्हणून शेतातला प्रसंग करायला सगळ्यात मुकी, सगळ्यात कोरडी खोली लागते. ऐकणाऱ्याला आभाळाखालचं वाटणारं बोलणं प्रत्यक्षात इमारतीतल्या सर्वांत बंदिस्त जागेत झालेलं असतं. जिन्याच्या पायऱ्या वेगवेगळ्या पृष्ठभागांच्या असतात, म्हणजे पाऊल लाकडावर पडलं की सिमेंटवर, ते ऐकूनच कळतं. तिथे शेताच्या फाटकाचा आवाज इस्त्रीच्या घडीच्या टेबलातून काढतात, कोकराचा जन्म ओल्या टॉवेलातून आणि दह्यातून, आणि जुन्या ध्वनिफितीचा गुंता पायाखाली तुडवला की गवतातून चालल्यासारखं वाटतं. हे बघून हसू येईल, पण मुद्दा लक्षात घे: खरी वस्तू माइकपुढे खरी वाटेलच असं नाही. आपल्याकडेही खडी भरलेला ट्रे, कडी-कोयंड्यांची सुटी चौकट, पाण्याची घमेली हे सगळं नाटकाच्या खोलीत असायचंच. ही कला फार थोड्या पैशांत उभी राहते. आवाज काढणाऱ्या माणसाला गाठ आणि त्याचे हात बघ. वस्तू माइकपासून किती लांब धरतो, संवादाच्या आधी वाजवतो की संवादाच्या खाली, आणि कुठे मुद्दाम काहीच वाजवत नाही.

आता घड्याळ. थेट प्रसारणाची खोली दिसली तर निवेदकाकडे बघण्याआधी घड्याळाकडे आणि निर्मात्याच्या कागदाकडे बघ. समज, ७ वाजून १० मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या घ्यायच्या आहेत. आत्ता ७ वाजून ५ मिनिटं ३५ सेकंद झालेत. हातात ४ मिनिटं २५ सेकंद. गाणं ३ मिनिटं ४० सेकंदांचं, म्हणजे बोलायला ४५ सेकंद. यात कार्यक्रमाचं नाव, गाण्याचा तपशील, पुढच्या सभेची, म्हणजे प्रसारणाच्या पुढच्या सत्राची, सूचना बसवायची, आणि घाई केल्यासारखं वाटता कामा नये. दुसरी रीत अशी की ४ मिनिटं २५ सेकंदांचीच एक वाद्यसंगीताची फीत आवाज बंद ठेवून आत्ताच सुरू करायची, वर बोलत राहायचं, आणि बोलणं संपलं की हळूच तिचा आवाज वर आणायचा. ती बरोबर ७ वाजून १० मिनिटांनी, म्हणजे ७:१०:०० ला, संपते. याला आम्ही बॅक-टाइमिंग म्हणायचो. संगणकामुळे हे गणित आता पडद्यावर आपोआप दिसतं, तरी पाहुणा बोलत सुटला की काय करायचं ते माणसालाच ठरवावं लागतं. तिथल्या निर्मात्याला विचार: वेळ कमी पडली तर पहिल्यांदा काय काढून टाकता? त्या उत्तरातून त्या केंद्राला काय महत्त्वाचं वाटतं ते कळेल.

बीबीसीच्या तासाच्या ठोक्याला ते सहा ‘पिप्’ ऐकशील. ५ फेब्रुवारी १९२४ पासून ते वाजताहेत, आणि १९७२ पासून शेवटचा पिप् लांब असतो. तो सुरू होतो तो क्षण म्हणजे बरोबर तास. त्यांच्यावर बोलणं तिथे फार वाईट समजतात. मजा अशी की डिजिटल रेडिओवर तेच पिप् काही सेकंद उशिरा पोचतात, कारण आवाज आकड्यांत बदलून पुन्हा उलगडायला वेळ लागतो.

आता चुका अडवण्याच्या आणखी तीन जागा, ज्या पाहुण्यांना सहसा दाखवत नाहीत. विचारल्या तर दाखवतील.

पहिली, शांतता. प्रसारणात काही सेकंद काहीच गेलं नाही तर काय होतं? आमच्याकडे कन्सोलजवळ सनईची किंवा बासरीची एक फीत कायम लावून तयार असायची. लाइन तुटली, पाहुणा आला नाही, बातम्यांचा दुवा लागला नाही की ती सुरू. मोठ्या केंद्रांत शांतता ओळखणारं यंत्र असतं, ते आधी गजर करतं आणि मग राखीव आवाज सोडतं. किती सेकंदांनी, आणि तो राखीव आवाज कोणता, हे विचार.

दुसरी, फोनवरचा पाहुणा. त्याला स्टुडिओतलं सगळं ऐकू गेलं पाहिजे, फक्त त्याचा स्वतःचा आवाज सोडून. तो परत गेला तर प्रतिध्वनी ऐकून माणूस अडखळतो. त्याच्याकडे जाणारा हा वेगळा आवाज कसा काढतात ते कन्सोलवर दाखवायला सांग. फोनवर कार्यक्रम करायचा तर हे तुला पहिल्याच दिवशी लागेल.

तिसरी जागा मला सगळ्यात प्रिय आहे: नावं. बीबीसीत उच्चार सांगणारा स्वतंत्र विभाग आहे. निवेदकाने अंदाजाने नाव वाचायचं नसतं, विचारायचं असतं. आमच्याकडे ते काम ड्युटी रूममधल्या वहीवर आणि जुन्या माणसांवर चालायचं. गावाचं नाव चुकीचं वाचलं की त्या गावातून पत्र यायचंच, आणि ते योग्यच होतं. आपलं गाव रेडिओवर ऐकायला माणूस कान टवकारून बसलेला असतो. तू अहिराणीत काम करणार असशील तर ही वही आजच सुरू कर. अमळनेरकडचं अहिराणी, धुळ्याकडचं, तापीच्या पलीकडचं लेवा बोलीच्या शेजारचं, यांत शब्द बदलतात, हेल बदलतो. कोणत्या गावात कोणता शब्द, कुणाच्या तोंडून ऐकला, तारखेसह लिहीत जा. तिथे बघायचं ते एवढंच, की ते लोक ही माहिती कशा रीतीने साठवतात आणि घाईच्या वेळी निवेदकाला ती किती सेकंदांत मिळते.

माणसांशी वागणं हाही याच कामाचा भाग. स्टुडिओत नवखा पाहुणा आला की त्याला कुठे बसवतात, पाणी कधी देतात, माइक कधी पुढे घेतात, लाल दिवा लागण्याआधी निर्माता त्याच्याशी काय बोलतो, हे नजरेआड होऊ देऊ नकोस. आमच्याकडे खेड्यांतल्या बायका कानबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला यायच्या. हातभर काचेच्या बांगड्या, आणि ताल धरला की त्यांची किणकिण थेट माइकमध्ये. बांगड्या उतरवा असं सवाष्णीला सांगायचं नसतं. मग आम्ही मनगटाशी मऊ रुमाल गुंडाळायचो, बांगड्या त्याखाली सरकवायच्या, आणि माइक तोंडापासून थोडा वर, कपाळाच्या रेषेत घ्यायचो म्हणजे हातापासून लांब जातो. ज्या बाईला कागद वाचायचा असेल तिच्या कागदाची टाचणी काढून टाकायचो. पान उलटायचं नाही, हळूच बाजूला सरकवायचं. टेबलावर जाड कापड. खुर्ची न करकरणारी. या गोष्टींना पैसे लागत नाहीत, पण कुणीतरी पाहुणा यायच्या आधी त्या बघून ठेवायला लागतात. तिथे ते काम कोणाचं आहे, आणि तो काय काय तपासतो, हे विचारून यादीच करून आण.

विचारायच्या भीतीबद्दल. सगळ्यांसमोर हात वर करणं जमत नसेल तर करू नकोस. तीन प्रश्न आधी लिहून ने, दोनदा मोठ्याने वाचून बघ, आणि गट पुढच्या खोलीकडे निघाला की मागे राहून कन्सोलवरच्या माणसाला विचार. बीबीसी रेडिओत स्टुडिओ मॅनेजर म्हणजे कार्यालय सांभाळणारा नव्हे, आवाजाचं संतुलन करणारा तंत्रज्ञ. तुझ्या कामाचा माणूस तोच. वेबसाइटवर सापडेल असा प्रश्न विचारण्यात वेळ घालवू नकोस. ‘आज सकाळी काय बिघडलं होतं?’ हा प्रश्न विचार. रोजच काहीतरी बिघडलेलं असतं आणि ते सांगायला माणूस खुलतो. उत्तर नीट कळलं नाही तर ‘मला करून दाखवाल का?’ म्हण. हात भाषेपेक्षा लवकर समजतात. आवाजाचा काटा कुठवर जाऊ देतात हेही असंच बघून घे. त्यांच्या जुन्या मीटरवर एक ते सात आकडे असतात आणि काटा सहाच्या पुढे जाऊ द्यायचा नसतो.

फोटोचं उत्तर सोपं आहे: आधी विचार, आणि परवानगी मिळाली तरी संगणकाच्या पडद्यांचे आणि कागदांचे काढू नकोस. त्यावर प्रसारित न झालेला मजकूर, पाहुण्यांचे फोन नंबर असतात. मोबाइल विमान मोडवर. माइक बंद आहे असं कुणी सांगितलं तरी तो चालूच आहे असं समजून बोल. फोटोपेक्षा कागदावर नकाशा काढ: खोल्या, दरवाजे, काच, कोण कुठे बसतं, कुणाला कोण दिसतं. निर्माता आणि निवेदक एकमेकांच्या डोळ्यांत बघू शकतील अशी मांडणी असते, ती फोटोत येत नाही. त्याच संध्याकाळी सगळं मराठीत किंवा अहिराणीत उतरवून काढ.

खान्देशातल्या कार्यक्रमाला उपयोग होईल का, असं विचारलंस. होईल, पण माझं स्पष्ट मत असं की मोठा स्टुडिओ एकदा बघ आणि शहरातलं एखादं छोटं सामुदायिक रेडिओ केंद्र वारंवार बघ. तिथे एकच माणूस बोलतो, आवाज सांभाळतो आणि दारही उघडतो, आणि तुझी परिस्थिती पुढे तीच असणार आहे. बीबीसीचं एशियन नेटवर्कसुद्धा १९७६ साली लेस्टरच्या स्थानिक रेडिओवर दक्षिण आशियाई श्रोत्यांसाठी सुरू झालेल्या कार्यक्रमातून वाढलं. स्थलांतरितांच्या भाषांना जागा कशी मिळाली, हे तिथल्या जुन्या माणसांना विचारण्यासारखं आहे.

आपल्याकडे सामुदायिक रेडिओचा परवाना एकट्या व्यक्तीला मिळत नाही. आधी तो फक्त शिक्षण संस्थांना होता, २००६ च्या धोरणाने नोंदणीकृत सामाजिक संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांनाही दार उघडलं. सामान्यतः १०० वॉटची मर्यादा, म्हणजे आजूबाजूची काही गावं. निदान अर्धे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार झालेले हवेत, स्थानिक भाषेला प्राधान्य, आणि स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. तेव्हा परत आल्यावर लगेच केंद्र काढायचा विचार न करता एखाद्या कॉलेजच्या किंवा संस्थेच्या चालू केंद्रावर आठवड्याचा अर्धा तास माग, नाहीतर पॉडकास्टने सुरुवात कर. त्याला परवाना लागत नाही, आणि वीस भाग हातात असले की संस्था तुझं ऐकून घेते.

राहिली कामाची ओळख. भेटीच्या दुसऱ्या दिवशी, ज्याच्याशी बोललीस त्याला चार ओळींचा ईमेल पाठव. त्यात त्याने सांगितलेली एक नेमकी गोष्ट लिही, म्हणजे तू लक्ष देऊन ऐकलंस हे त्याला कळेल. नोकरी मागू नकोस, एका शिफ्टला मागच्या खुर्चीवर गप्प बसून बघायची परवानगी माग. नकार आला तर महिन्याभराने दुसऱ्या कार्यक्रमाच्या निर्मात्याला विचार, यात कमीपणा नाही. हो म्हणाले तर जाण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षात विचारून घे: विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना सहसा आठवड्याला २० तासांचीच मुभा असते, आणि बिनपगारी कामही त्यात धरलं जातं. नुसतं बसून बघणं त्यात येतं की नाही, ते त्यांच्याकडून लेखी घे, म्हणजे पुढे व्हिसाची भानगड नको.